टाकी वाहू लागली की

मनमाडला मंगलाबाईंच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते उन्हाळ्यात पंधरा पंधरा दिवसांनी, आणि नेमकं कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. म्हणून गल्लीत एक रिवाज पडला होता. जिच्या नळाला आधी धार दिसेल तिनं हाताला लागेल ते ताट घ्यायचं आणि उंबऱ्यात उभं राहून उलथन्यानं बडवायचं. ताट वाजलं की कुणी भाकरी तव्यावर टाकून धावे, कुणी डोक्याला शिकेकाई तशीच ठेवून. टँकर आला तर दुसरा रिवाज होता, तो याहून कडक. पाणी माणसाला, भांड्याला नाही. कुणी चार ड्रम रांगेत लावले म्हणून त्याला चार ड्रम मिळत नसत. घरात तोंडं किती? पाच. मग पाच हंडे. चला, पुढचा.

ही वाटणी वीस वर्षं मंगलाबाईंनी सांभाळली. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. नवरा कोंडाजी रेल्वेत गँगमन, घर रुळांपासून पन्नास पावलांवर, त्यामुळे धडधडत्या मालगाडीवर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय होती. तेवढ्यावर त्या गल्लीच्या पुढारी झाल्या. शेजारची बयाबाई म्हणायची, "मंगले, इंजिनापुढं उभी राहून तू त्याला खाली बस म्हनलीस, तर तेबी बसंल."

कोंडाजी वारले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकच्या पावसाळ्यात, मुलगा ज्ञानेश आईला नाशिकला घेऊन आला. तो अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. सून प्रतिभा एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं.

"आई, बास झालं आता हंडे उचलणं," ज्ञानेश म्हणाला. "इथं तू फक्त आराम करायचा."

मुलगा एवढं म्हणतोय म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आराम म्हणजे काय असतं ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुयोग कॉलनी इंदिरानगरच्या पुढे, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे होती. चोवीस रो-हाऊस, बारा इकडे, बारा तिकडे, मध्ये सिमेंटचा रस्ता. प्रत्येक घरापुढे कमरेएवढी कंपाउंडची भिंत, मग छोटा पोर्च, आणि पोर्चला छतापर्यंत लोखंडी ग्रील. रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं की पांडवलेण्याचा डोंगर दिसे. माणूस मात्र दिसत नसे. साडेनऊला शेवटची स्कूटर फाटकाबाहेर पडली की जी शांतता पसरायची ती संध्याकाळी साडेपाचपर्यंत. वारा नाशिकरोडच्या बाजूचा असला तर कधीतरी गाडीची शिटी ऐकू यायची. मंगलाबाई तेवढ्यासाठी हातातलं काम थांबवायच्या. काम तरी कुठलं म्हणा.

पाणी इथं रोज सकाळी सहाला यायचं. पण ते दिसायचं नाही. जमिनीखालच्या टाकीत पडायचं, घरातलं बटण दाबलं की मोटर ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायची. भिंतीच्या आतून यायचं आणि भिंतीच्या आतूनच जायचं. कुणाला हाक मारायची गरज नव्हती आणि कुणी मारतही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मंगलाबाईंनी सवयीनं घरातली सगळी भांडी भरून ठेवली. सकाळी प्रतिभा ओट्याशी आली तर दुधाचं पातेलं भरलेलं, कुकर भरलेला, लग्नात आलेली काचेची फुलदाणीसुद्धा भरलेली.

"आई, चहा कशात करू?" तिनं हसत विचारलं.

"अगं, उद्या नाय आलं तर?"

"येतं हो. इथं रोज येतं." तिनं एकेक भांडं हळूच मोरीत रिकामं केलं. सून वाईट नव्हती. पण ते पाणी मोरीच्या जाळीतून जाताना मंगलाबाईंनी तोंड फिरवलं.

मग एकदा त्यांनी पोर्चमधून भाजीवाल्याला हाक मारली, तर समोरच्या घरातली मनीषा खिडकीशी आली. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. "काकू, जरा हळू हं. आत्ताच झोपलंय." दुसऱ्या वेळी कॉलनीच्या चेअरमनसाहेबांनी ज्ञानेशला रस्त्यात थांबवलं, "आईंचा आवाज छान खणखणीत आहे," आणि एवढंच बोलून ते हसले. ज्ञानेशला काय समजायचं ते समजलं. त्या दिवसापासून मंगलाबाई घरात कुजबुजून बोलू लागल्या. महिन्याभरात त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

दिवाळी झाली आणि एका दुपारी ती गोष्ट घडली.

एकच्या सुमाराला पाण्याचा आवाज आला. मंगलाबाई पोर्चमध्ये आल्या. शेजारच्या रो-हाऊसची गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. वरच्या नळीतून मनगटाएवढी धार दोन घरांमधल्या बोळात पडत होती आणि गटाराला मिळत होती. ते घर रविराज आणि उज्वला या जोडप्याचं. दोघं नोकरीला, घर दिवसभर बंद. मंगलाबाईंनी हाक मारून पाहिली. कुणी ओ दिली नाही. धार पडतच होती. मनमाडच्या बाईनं हे किती वेळ बघायचं? एक हंडा, दोन हंडे, तीन. त्या मनात मोजत होत्या. दहाव्या हंड्याला त्यांनी पदर खोचला, दोन बादल्या घेतल्या, बादल्या आधी भिंतीपलीकडे ठेवल्या आणि मग स्वतः भिंतीवर चढून पलीकडे उतरल्या. वय अठ्ठावन्न.

मागे त्यांच्या घराचं दार वाऱ्यानं लागलं. खट्.

मनमाडच्या दाराला कडी होती. बाहेरून घातली तर बंद, काढली तर उघडं. हे लॅचचं दार आपलं आपण बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, हे त्यांना सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि अंगवळणी पडलेलं यांत फरक असतो. त्या वळल्यासुद्धा नाहीत. एक बादली धारेखाली लावली, ती भरली, दुसरी लावली. तेवढ्यात मोटर आपोआप बंद झाली. धार बारीक झाली, थेंबावर आली. लाईट गेली असंल, मंगलाबाईंना वाटलं.

त्या भरल्या बादल्यांजवळ उभ्या असतानाच चेअरमनसाहेब हातात काठी घेऊन आणि मागे वॉचमन घेऊन आले. समोरच्या रांगेतल्या कुणीतरी फोन केला होता, की एक बाई भिंत चढून बंद घरात शिरली. त्याच महिन्यात चार नंबरच्या घरी चोरी झाली होती.

"अहो, मी शेजारची! ज्ञानेशची आई!"

"मग शेजारच्या घरात काय करताय?"

"पाणी वाया जात व्हतं."

चेअरमनसाहेबांनी बादल्यांकडे पाहिलं, मग मंगलाबाईंच्या अनवाणी पायांकडे. "चला, तुमच्या घरी चला," ते म्हणाले. आणि मग कळलं, की घर बंद झालंय आणि किल्ली आत आहे.

ज्ञानेशला कंपनीत फोन गेला. तो अर्ध्या शिफ्टमधून सुटून आला तोवर दोन तास मंगलाबाई चेअरमनसाहेबांच्या पोर्चमध्ये खुर्चीवर बसून होत्या. त्यांना चहा दिला होता. समोरून येणारे-जाणारे बघत होते. भिंत कशाला चढली, हे त्यांनी तिघांना समजावून सांगितलं. तिघांनीही मान हलवली आणि तिघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशनं पोर्चच्या ग्रीलला बाहेरून लावायला एक पितळी कुलूप आणलं. "तुझ्यासाठीच आहे, आई. चोऱ्या होतायत. तू अशी बाहेर पडलीस आणि दार लागलं तर? कुणी ढकललं, पडलीस तर? फोन आहे घरात. काही लागलं तर फोन कर, मी पंधरा मिनिटांत येतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं.

सकाळी ज्ञानेश कंपनीच्या बसनं आधी जायचा, म्हणून कुलूप लावायचं काम प्रतिभाकडे आलं. "येते हं आई," म्हणून ती बाहेर पडायची, गजांतून हात घालून कडी ओढायची, आणि मग किल्ली फिरल्याचा आवाज यायचा. तो आवाज येताना ती मंगलाबाईंकडे बघायची नाही. बूट, पर्स, स्कूटीची चावी, असं काहीतरी बघायची.

आठ दिवसांनी जेवताना मंगलाबाई म्हणाल्या, "ज्ञानू, त्या कुलपाची एक किल्ली माझ्याजवळ ठेव."

"कशाला? कुठं जायचंय तुला?"

मंगलाबाई विचार करू लागल्या. इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. देऊळ लांब होतं. बाजार स्कूटरवरून व्हायचा.

"जायचं कुठंच नाय," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

त्यानं आमटी वाढून घेतली. जायचं नसलं तरी जाता यायला हवं, हे त्यांना म्हणायचं होतं. पण घास तोंडात असताना सुचलेलं वाक्य घास गिळेपर्यंत मागे राहिलं. पुढे त्यांनी तीन वेळा किल्ली मागितली. एकदा गमतीत, एकदा रागात, एकदा मकर संक्रांतीचं निमित्त करून. तिन्ही वेळा ज्ञानेशनं तेच विचारलं, कुठं जायचंय.

शेजारची टाकी मात्र वाहतच राहिली. रोज नाही, पण दोन-तीन दिवसांआड, एकच्या सुमाराला. मंगलाबाई ग्रीलला धरून उभ्या राहायच्या. घर बंद, मग मोटर कोण लावतं? आजकाल आपोआप चालणाऱ्या मोटरी निघाल्यात, असं प्रतिभा म्हणाली. "अहो, टाकी भरली! भरली टाकी!" मंगलाबाई गजांतून ओरडायच्या, मग मनीषाचं बाळ आठवून आवाज खाली घ्यायच्या. थोड्या वेळानं धार थांबायची. गंमत अशी, की त्या ओरडल्या की लवकर थांबायची आणि गप्प बसल्या की बराच वेळ पडत राहायची. पण यंत्राला काय कान असतात? त्यांनी तो विचार सोडून दिला.

मार्चमध्ये रस्त्याच्या कुठल्याशा खोदकामात मोठी पाइपलाइन फुटली. पहिल्या दिवशी कुणाला पत्ताच लागला नाही, कारण टाक्या भरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच चोवीस टाक्यांचा तळ दिसला. मोटरी नुसत्याच घरघरल्या. चेअरमनसाहेबांनी कुठं कुठं फोन केले. प्रतिभानं घरातली सगळी पातेली हुडकली. ती रिकामी होती. तिनं सासूकडे पाहिलं. मंगलाबाईंनी कपडे वाळत घालायच्या जागेमागून झाकण लावलेला एक डबा काढून दिला. त्यात दहा लिटर पाणी होतं.

"हे कधी भरलंत?"

"रोज भरते. रोज जुनं झाडांना घालते. तुला दिसू देत नव्हते."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला टँकर आला. कॉलनीतले बहुतेक लोक त्या दिवशी घरी थांबले होते, नेमकी प्रतिभा गेली होती आणि ग्रीलला कुलूप होतं. मंगलाबाई पोर्चमधून बघू लागल्या.

असा तमाशा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. टँकरवर सहादू नावाचा ड्रायव्हर होता, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला. त्यानं पाइप सोडला मात्र, सात-आठ जण एकदम धावले. एकानं दोनशे लिटरचा निळा ड्रम लावला. दुसरा म्हणाला, आधी आम्ही आलो. चेअरमनसाहेब म्हणाले, एक नंबरपासून क्रमानं घ्या. चोवीस नंबरवाले म्हणाले, मग आम्ही काय चिखल प्यायचा? कुणी पाइप ओढला, कुणी परत ओढला, आणि पाणी भसाभस सिमेंटच्या रस्त्यावर वाहू लागलं. मनीषा कडेवर बाळ आणि हातात एक छोटी बादली घेऊन मागेच उभी राहिली.

मंगलाबाईंनी हंडे मोजले नाहीत. त्या आत गेल्या, ताट घेतलं, उलथनं घेतलं, ग्रीलपाशी आल्या आणि बडवायला लागल्या.

सगळी कॉलनी वळली.

"पाइप वर धर!" मंगलाबाई ओरडल्या. मालगाडीवर चढायचा तो आवाज होता. पाच महिने घडी घालून ठेवलेला, पण विरलेला नव्हता. "ए टँकरवाल्या दादा, पाइप वर धर आधी! पाणी माणसाला हाय का रस्त्याला?"

सहादूनं मुकाट्यानं पाइप वर धरला.

"ते निळं पिंप बाजूला घ्या. पिंपाला तहान लागत नाय. एकेकानं पुढं यायचं आन सांगायचं, घरात तोंडं किती. तोंडागणिक दोन हंडे. तान्ह्याला मोठ्याएवढंच धरा, त्याची धुणी असतात. चल गं मनीषा, तू आधी ये. किती?"

"तीन, काकू," मनीषा म्हणाली.

"सहा हंडे. पुढचा!"

चेअरमनसाहेब काही बोलणार होते. पण सहादूला तोवर कुणाचं ऐकायचं ते कळलं होतं. "साहेब, रांगेत या," तो म्हणाला. "तोंडं किती?"

"दोन," चेअरमनसाहेब म्हणाले आणि रांगेत लागले.

अशी दहा-बारा घरं झाली. मग उज्वला पुढे आली, वाहत्या टाकीच्या घरातली.

"तीन," ती म्हणाली.

"तीन कसे? तुम्ही तर दोघंच."

उज्वलानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "सासूबाई आहेत. दिवाळीच्या आधीपासून. दिंडोरीहून आणलंय त्यांना. गुडघे धरलेत, फारशा हिंडत नाहीत."

मंगलाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मध्ये एक वीत रुंदीची भिंत, आणि पलीकडे पाच महिने एक बाई राहते? "तीन तर तीन," त्या म्हणाल्या. "सहा हंडे."

शेवटी त्यांचा स्वतःचा नंबर आला. "काकू, तुमची भांडी द्या," मनीषा म्हणाली. "आणि बाहेर या ना, किती वेळ आतूनच..."

"किल्ली माझ्याजवळ नाय."

मनीषाला तिथं लोंबणारं कुलूप तेव्हा दिसलं. रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसलं. जो तो आपापल्या हंड्याकडे बघू लागला. सहादू मात्र कॉलनीतला नव्हता. "आजीबाईला काय चोरीच्या गुन्ह्यात धरलंय का?" तो म्हणाला. पुढे येऊन त्यानं पाइपचं तोंड गजांमधून आत सारलं. "हंडा लाव, आजी."

मंगलाबाईंनी हंडा लावला. गजांतून आत आलेल्या त्या पाइपखाली त्या वाकलेल्या असतानाच प्रतिभाची स्कूटी फाटकातून आली. पाण्यासाठी म्हणून तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तिनं रांग पाहिली, पाइप पाहिला, कुलूप पाहिलं. स्कूटी स्टँडला लावायलासुद्धा तिला दोनदा झटावं लागलं. सगळ्यांच्या देखत तिनं पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि किल्ली काही पर्समध्ये परत ठेवली नाही. सासूचा ओला हात धरून तिच्या तळव्यात ठेवली.

संध्याकाळी ज्ञानेश म्हणाला, "अगं, पण आई एकटी बाहेर पडली, काही झालं, तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालं," प्रतिभा म्हणाली. "भर रस्त्यात. टँकरवाल्यासकट. रोज कुलूप मी लावते, ज्ञानेश. तू लावून बघ एक दिवस."

ज्ञानेश आईकडे बघायला लागला. आईनं किल्ली कमरेला लावली होती आणि ती भाकरी थापत होती.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला नळाला पाणी आलं. कुणी ताट वाजवलं नाही. चोवीस मोटरी एकामागून एक सुरू झाल्या, एकामागून एक थांबल्या. साडेनऊला शेवटची स्कूटर गेली.

मंगलाबाईंनी आपल्या हातानं ग्रील उघडली, लॅचची किल्ली आहे ना ते दोनदा चाचपलं, आणि त्या रस्त्यावर आल्या. दोन दिवसांपूर्वी इथं पन्नास माणसं होती. आता बारा दारं इकडे बंद, बारा तिकडे बंद. टोकापर्यंत गेल्या. पांडवलेण्याचा डोंगर पाहिला. परत आल्या. वॉचमननं सलाम ठोकला आणि तो पुन्हा पेंगू लागला. मनीषाच्या खिडकीला पडदा होता. कमरेला किल्ली होती, आणि ज्ञानेशचा प्रश्न रस्त्यावर त्यांच्याआधी येऊन उभा होता. कुठं जायचंय?

त्या घरी येऊन पोर्चमध्ये बसल्या. ग्रील उघडीच होती. पण बसायची जागा तीच, दिसणारा रस्ता तोच. बंद असताना निदान उघडायची वाट तरी बघता येत होती.

एकच्या सुमाराला शेजारची टाकी वाहू लागली.

मंगलाबाई उठल्या. या वेळी भिंत चढल्या नाहीत. सरळ रस्त्यानं शेजारच्या फाटकातून गेल्या. तिथंही पोर्चला तशीच ग्रील होती, तसंच कुलूप. त्यांनी गजांवर किल्ली वाजवली. "आत कोण हाय? टाकी भरली!"

मोटर लगेच थांबली. बऱ्याच वेळानं आतलं दार उघडलं, आणि भिंत धरत धरत एक म्हातारी पोर्चमध्ये आली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. ती ग्रीलपाशी येऊन खुर्चीत बसली आणि दम खाल्ला.

"आल्या का तुमी," ती म्हणाली. "मी मालनबाई."

"मी मंगला. मोटर तुम्ही लावता?"

"मीच."

"टाकी भरलेली असताना?"

मालनबाईंनी मान खाली घातली. "पयल्यांदा इसरले. बटन दाबलं आन डोळा लागला. जागी झाले तर तुमी भिंतीवरून उतरत व्हत्या, बादल्या घेऊन. मी पडद्याआडून पाहिलं. घाबरले, बटन बंद केलं. पन बाई, लय बरं वाटलं. या घरात आल्यापासनं माझ्या दाराशी आलेलं पयलं मानूस तुमी."

"मग हाक का नाय मारली?"

"तवर ते काठीवाले आले ना. चोर, चोर. मला ठावं व्हतं तुमी चोर न्हाई. येक शब्द बोलले असते तर..." मालनबाई थांबल्या. "लेकाला कळलं असतं मी मोटर इसरते. मंग त्यानं बटनालाबी कुलूप लावलं असतं. गप बसले. दुसऱ्या दिवशी तुमच्या ग्रीलला कुलूप आलं ते मी पाहिलं. माझ्यापायी आलं."

मंगलाबाई पायरीवर बसल्या. पाच महिने राग करायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि ही बाई तेव्हा नव्हती. आता होती, तर राग सापडत नव्हता.

"मग मुद्दाम का सोडायच्या पाणी?"

"तुमचा आवाज यायचा. टाकी भरली, टाकी भरली. तेवढंच कुनी माझ्याशी बोलायचं."

बोळात टाकीचे शेवटचे थेंब पडत होते.

"मालनबाई, तुमच्याकडं द्राक्षाला पाणी घालतात ना? असं सोडून देता का?"

"न्हाई वो. जीव तुटतो माझाबी. पन दुसरं वाजतंय काय या घरात?"

"ताट हाय?"

"हाय की. स्टीलचं."

"उद्यापासून ताट वाजवायचं. उलथन्यानं. कडेला नाय, मधोमध वाजवायचं, लांब जातो आवाज. पाणी सोडायचं नाय."

"समोरचं लेकरू उठंल."

"उठू द्या. त्याची आई तेवढी बाहेर येईल."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला शेजारून ताट वाजलं. आधी एकदा, भीत भीत. मग दोनदा, मधोमध. मंगलाबाईंनी लॅचची किल्ली कमरेला लावली, पातेलं आणि मेथीची जुडी उचलली, आणि दार ओढून घेतलं. खट्.

समोर मनीषाची खिडकी उघडली. "काकू, पाणी गेलं का परत?"

"नाय गं, पाणी हाय. तू ये खाली."

मनीषा क्षणभर उभी राहिली. "बाळ आत्ताच..." ती म्हणाली, आणि खिडकी लागली. पण पडदा ओढायचा राहिला.

मंगलाबाई मालनबाईंच्या पायरीवर बसल्या. अर्धी जुडी गजांतून आत दिली. दोघी निवडू लागल्या, काड्या पायरीवर, पानं पातेल्यात. मालनबाई दिंडोरीची सांगत होत्या, छाटणीच्या दिवसांत घरी जेवायला पंचवीस माणसं कशी असत. मंगलाबाई मनमाडची सांगत होत्या. गाडीची शिटी ऐकू आली तसं त्यांनी वाक्य तोडलं, गाडी जाईपर्यंत थांबल्या, आणि मग त्याच शब्दापासून पुढे सुरू केलं. इथं थांबायची काही गरज नव्हती, गाडी दोन-तीन कोसांवर होती. पण मालनबाईही थांबल्या.

मेथी तीनलाच संपली. "जा आता, मंगलाबाई," मालनबाई म्हणाल्या. "किती वेळ बसाल दगडावर."

"तुमची सून कधी येते?"

"साडेपाचला."

"मग तोवर हाय मी."

साडेपाचला उज्वलाची स्कूटी आली. तिनं फाटक उघडलं, आणि पायरीवर बसलेल्या मंगलाबाई आणि ग्रीलच्या आतून त्यांच्याशी बोलणारी सासू बघून ती जागीच थांबली. मंगलाबाई उठल्या नाहीत. निवडलेल्या मेथीचं पातेलं त्यांनी तिच्या बाजूला सरकवलं.

"उज्वला," त्या म्हणाल्या, आवाज मुळीच न चढवता, "त्या दिवशी तीन तोंडं सांगितलीस ना गं?"

उज्वलानं पर्समध्ये हात घातला. किल्ली सापडायला तिला बराच वेळ लागला. मंगलाबाई आणि मालनबाई, दोघी तिच्या हाताकडे बघत राहिल्या.